विल्कोवे: डॅन्यूबच्या गाळातलं गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे विल्कोवे नेमकं आहे कुठे?

युक्रेनच्या नकाशावर नैऋत्येचं अगदी शेवटचं टोक बघा, ओडेसाच्या खाली, जिथे रोमानिया लागतो आणि डॅन्यूब नदी काळ्या समुद्राला मिळते, तिथे. ओडेसा ओब्लास्त, इझमाईल जिल्हा. ओब्लास्त म्हणजे साधारण आपला विभाग धरा. ओडेसाहून रस्त्याने दोनेकशे किलोमीटर. समोरच्या काठावर रोमानिया, म्हणजे मधे नदी आहे म्हणून, नाहीतर पलीकडच्या पेरिप्रावा गावातलं कुत्रं भुंकलं तरी इकडे ऐकू यावं एवढंच अंतर.

लोकवस्ती दहा हजाराच्या आत. कागदावर शहर आहे, पण आपल्या हिशोबाने मोठं गावच, म्हणून मी खाली गावच म्हणणार आहे, चालवून घ्या.

नावाचा उच्चार काय? कुठे विल्कोवो दिसतं, कुठे विल्कोवे.

युक्रेनियनमधे विल्कोवे, रशियनमधे विल्कोवो, रोमानियनमधे वल्कोव. तिन्ही बरोबर आहेत, कारण तिन्ही भाषांची राज्यं इथे होऊन गेलीत (त्याबद्दल खाली आहे). नावाचा अर्थ सांगतात तो म्हणजे जेवायचा काटा, कारण इथे नदीला काट्यासारखे फाटे फुटतात. नकाशा बघितला की पटतं.

डेल्टा म्हणजे त्रिभुज प्रदेश ना? शाळेत शिकलेलो, विसरलो.

तोच. नदी डोंगरातून माती घेऊन येते, समुद्राजवळ आली की वेग संपतो, हातातलं ओझं खाली टाकते, मग त्या टाकलेल्या ओझ्यातूनच वाट काढत तिचे फाटे फुटतात. डॅन्यूब जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधून निघते, साधारण २,८५० किलोमीटर वाहते, दहा देशांतून जाते, वाटेत व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, बेलग्रेड अशा चार राजधान्या लागतात. म्हणजे अर्ध्या युरोपची माती धुऊन ती इथे आणून टाकते.

डेल्टात तीन मोठे फाटे आहेत. उत्तरेचा किलिया, मधला सुलिना आणि दक्षिणेचा स्फिंतू ग्योर्गे. खालचे दोन रोमानियात, किलिया मात्र दोन देशांची हद्द. या किलियातूनच सगळ्यात जास्त पाणी जातं आणि सगळ्यात जास्त गाळही. विल्कोवेच्या इथे आल्यावर या किलियाचेही परत फाटे होतात, म्हणजे डेल्टाच्या आत अजून एक छोटा डेल्टा. ओचाकिव, स्तारोस्तांबूल, बिस्त्रे अशी त्या फाट्यांची नावं. स्तांबूल हे नाव बघून दचकू नका, इथे तुर्कांचं राज्य होतं.

"युक्रेनचं व्हेनिस" म्हणतात ते खरं का?

म्हणतात. मला ती उपमा फार आवडत नाही खरं सांगायचं तर. व्हेनिस म्हणजे संगमरवर, राजवाडे, व्यापाऱ्यांचा पैसा, आणि इथे काय तर चिखल, बोरू आणि मासे. कालवे आहेत, होड्या आहेत, तेवढ्यावरून व्हेनिस म्हणायचं तर आपल्या प्रत्येक खाडीकाठच्या गावाला म्हणावं लागेल.

पण मूळ गोष्ट जास्त भारी आहे. इथल्या कालव्यांना येरिक म्हणतात. जुन्या वस्तीत घरांच्या मधून हे येरिक जातात आणि त्यांच्या कडेने लाकडी फळ्यांच्या अरुंद पायवाटा. ती क्लादकी. समोरून कोणी आलं तर एकाने अंग चोरून उभं राहायचं. दाराशी होडी बांधलेली, जशी आपल्याकडे बाईक लावलेली असते. मात्र सगळं गाव असं नाही हं, बऱ्याच भागात आता साधे रस्ते आहेत, गाड्या आहेत, जुने येरिक कित्येक ठिकाणी बुजलेत. फोटोत दिसतं ते जुन्या भागातलं.

कालवे त्यांनी कशासाठी खणले? वाहतुकीसाठी?

इथेच सगळे चुकतात. कालवा हा बायप्रॉडक्ट आहे! मुळात हवी होती जमीन. दलदलीत उभं राहायलाच जागा नाही, मग करायचं काय, तर चारी बाजूंनी खणायचं आणि निघालेला गाळ मधे टाकत जायचा. मधे उंचवटा झाला की त्यावर घर आणि परसबाग, आणि जिथून खणलं तो झाला कालवा. म्हणजे प्रत्येक घराखालची जमीन कुणाच्या तरी पणजोबाने टोपल्याटोपल्याने उपसलेली आहे.

आणि एकदा करून संपलं असंही नाही. येरिकमधे दरवर्षी नवा गाळ येऊन बसतो, तो काढावाच लागतो, नाही काढला तर कालवा बुजतो, पाणी साचतं, कुजतं. काढलेला गाळ फुकट जात नाही, बागेत टाकतात, नंबर एक खत. मग त्याच गाळावर द्राक्षं, भाज्या आणि स्ट्रॉबेरी. विल्कोवेची स्ट्रॉबेरी तिकडे तशीच फेमस आहे जशी आपल्याकडे महाबळेश्वरची. बऱ्याच घरांच्या बागा पलीकडच्या बेटांवर आहेत, म्हणजे शेतावर जायचं तर होडीतून, कुदळ-फावडं होडीत, आणि पीकही होडीतूनच घरी.

आपल्याकडे कोकणात, गोव्यात खाजण जमिनी आहेत, तिथे बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवतात. इथे उलटा प्रकार, पाण्याला आत घेऊन जमीन वर उचलायची.

घरं कशाची असतात? वाहून जात नाहीत?

जुनी घरं बोरूची. म्हणजे नदीकाठी वाढणारा तो उंच वेतासारखा गवताचा प्रकार, त्याचा सांगाडा करायचा आणि वरून चिखल लिंपायचा, छपरालाही बोरूच. आपल्याकडच्या कुडाच्या घराचा सख्खा भाऊ. कुडाच्या भिंतीत राहिलेल्या माणसाला त्यातलं शहाणपण लगेच कळेल, पूर आला तर खालचं लिंपण विरघळून जातं पण सांगाडा उभा राहतो, पाणी उतरलं की परत लिंपा. विटेच्या भिंतीचं तसं नाही. आता विटांची, ब्लॉकची घरं भरपूर झालीत अर्थात.

बोरू अजूनही धंदा आहे. थंडीत वाळला की कापतात, पेंढ्या बांधतात आणि छपरांसाठी पश्चिम युरोपात पाठवतात, तिकडे हौसेने शाकारलेली छपरं करणारे श्रीमंत लोक आहेत. इथल्या गरिबाचं छप्पर तिथे जाऊन लक्झरी होतं.

एवढ्या दलदलीत राहायला कोण गेलं आणि का?

पळून आलेले लोक. दुसरं कोण जाणार.

१६५० च्या दशकात मॉस्कोचा धर्मप्रमुख निकॉन याने रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या विधींमधे बदल केले. बाहेरून बघणाऱ्याला ते बदल बारीक वाटतील, जसं की क्रूसाची खूण दोन बोटांनी करायची की तीन, येशूच्या नावात एक अक्षर कमी की जास्त, हल्लेलुया दोनदा की तीनदा. पण ज्यांच्यासाठी हा बापजाद्यांचा धर्म होता ते म्हणाले आम्ही बदलणार नाही. त्यांना नाव पडलं जुन्या श्रद्धेचे लोक. मग छळ सुरू. त्यांचा मोठा पुढारी अव्वाकुम याला १६८२ मधे जिवंत जाळलं. पुढे रशियाचा झार (राजा) पीटर द ग्रेट याने दाढीवर कर लावला, आणि या लोकांसाठी दाढी काढणं म्हणजे पाप, म्हणजे तिकडूनही अडचण.

मग पळायचं कुठे, तर जिथे झारचा हात पोचत नाही तिथे. डॅन्यूबचं हे मुख तेव्हा तुर्की सुलतानाकडे होतं. सुलतानाला दोन बोटं की तीन याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, कर द्या आणि राहा. सगळ्यात कट्टर ख्रिश्चन मंडळींना आसरा मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या राज्यात, इतिहास असा असतो. या भागात त्यांना लिपोवान म्हणतात. गावाची स्थापना १७४६ ची धरतात.

नंतर अजून एक लोंढा आला. १७७५ मधे रशियाच्या राणी कॅथरीनने झापोरिझिया कोसॅकांचा, म्हणजे युक्रेनमधल्या स्वतंत्र बाण्याच्या लढवय्यांचा, अड्डा मोडून टाकला, त्यातले बरेच डॅन्यूबकडे आले. म्हणून गावात दोन धारा, एक लिपोवान, एक युक्रेनियन. चर्चही वेगवेगळी, जुन्या श्रद्धेची वेगळी आणि नेहमीच्या ऑर्थोडॉक्सांची वेगळी. गावात पहिल्या वस्तीकरांचं स्मारकसुद्धा आहे, दाढीवाल्या लिपोवानाचं.

लिपोवान आजही तसेच राहतात का?

पूजाविधी जुनेच, खूण दोन बोटांनीच, सण जुन्या कॅलेंडरने, चर्चमधे बायकांच्या डोक्यावर रुमाल, म्हाताऱ्यांच्या दाढ्या. बोलतात ती रशियन, पण जुने शब्द आणि शेजारच्या युक्रेनियन-रोमानियनची भेसळ असलेली. बाकी मोबाईल, मोटरबोट सगळं आहे, संग्रहालयात ठेवल्यासारखं कोणी राहत नाही. सीमेच्या पलीकडे पेरिप्रावातही लिपोवानच, एकच समाज, मधे नदी आली आणि नदीत देशाची रेघ आली.

एक मात्र, रशियन बोलतात म्हणून ते रशियाच्या बाजूचे असणार असं धरून चालू नका. त्यांचा सगळा इतिहासच मॉस्कोपासून लांब पळण्याचा आहे.

गाव किती देशांत होऊन गेलं म्हणे?

आधी तुर्की साम्राज्य. १८१२ मधे बुखारेस्टच्या तहाने रशिया. क्रिमियन युद्ध रशिया हरला म्हणून १८५६ च्या पॅरिस तहाने हा दक्षिणेचा पट्टा मोल्दाव्हियाकडे, ते पुढे रोमानिया झालं. १८७८ मधे बर्लिनला परत रशियाकडे. १९१८ मधे रोमानिया. १९४० मधे सोव्हिएत संघ. १९४१ मधे परत रोमानिया, १९४४ मधे परत सोव्हिएत. १९९१ पासून युक्रेन.

पाठ करू नका, असा विचार करा. १९१० मधे इथे जन्मलेली एखादी बाई, घराचा उंबरा न सोडता, ८१ वर्षांची होईपर्यंत झारची प्रजा, रोमानियाच्या राजाची प्रजा, सोव्हिएत नागरिक, परत रोमानियन, परत सोव्हिएत आणि शेवटी युक्रेनियन झाली असती. दरवेळी कागदपत्रं नवी, चलन नवं, शाळेतली भाषा नवी. येरिकचा गाळ मात्र दरवर्षी तोच, तो काढायला कुठलंच सरकार आलं नाही.

समुद्र गावाला लागूनच आहे ना?

होता. आता नाही! गाव वसलं तेव्हा समुद्र जवळ होता, आता मुखापर्यंत जायला होडीने पंधराहून जास्त किलोमीटर जावं लागतं. समुद्र मागे हटला नाही, नदीने मधे नवी जमीन टाकली. युरोपातली सगळ्यात नवी जमीन म्हणतात ती इथलीच, आज वाळूचा दांडा, उद्या त्यावर गवत, परवा बेट.

हल्ली हा वेग कमी झालाय. वर सर्बिया आणि रोमानियाच्या मधे आयर्न गेट्सची दोन धरणं झाली, एक १९७२ मधे पूर्ण झालं, दुसरं १९८० च्या दशकात, बराच गाळ तिथेच अडतो.

"० किलोमीटर" चा फोटो बघितलाय, ते काय?

बाकी नद्यांची किलोमीटर मोजणी उगमापासून होते अशी आपली समजूत असते, डॅन्यूबची उलटी, मुखापासून वर. विल्कोवेहून होडी करून नदी आणि समुद्र मिळतात त्या जागी गेलं की ० चा मोठा आकडा उभा केलाय, सगळे तिथे फोटो काढतात. जहाजवाल्यांचा अधिकृत शून्य मात्र रोमानियात सुलिना फाट्यावर आहे, हे तिथल्या होडीवाल्याला सांगू नका, उगीच वाद.

खायला काय मिळतं?

मासे, मासे आणि मासे. स्टार म्हणजे डॅन्यूबचा हेरिंग, लाडाने दुनाइका. हा राहतो समुद्रात पण वसंतात अंडी घालायला नदीत वर चढतो. ओळखीचं वाटलं? बंगाल्यांचा हिलसा हेच करतो, आपल्या कोकणात ज्याला पाला म्हणतात तो, दोघं लांबचे नातेवाईक. तसाच तेलकट, तसाच काटेरी, आणि तसंच लोकांचं त्याच्यावर प्रेम. हलका मिठात मुरवायचा, कांदा आणि उकडलेला बटाटा बरोबर घ्यायचा, शिजवायचं वगैरे काही नाही. सीझन छोटा असतो, तेव्हा सगळं गाव त्याच्याच मागे.

मग युष्का, म्हणजे माशांचा पातळ रस्सा. आणि घरची वाईन, नोवाक नावाच्या द्राक्षाची, बेटांवरच्या बागांतली. जाणकार नाक मुरडतात, गावकऱ्यांना फरक पडत नाही.

स्टर्जनचं विचारू नका. एकेकाळी बेलुगा स्टर्जन इथे पकडायचे, माणसापेक्षा कितीतरी मोठा मासा, त्याची अंडी म्हणजे कॅव्हियार. अति पकडले, वरून धरणांनी त्यांची वरची वाट अडवली, आता पकडायला बंदी आहे. चोरून पकडणारे आहेत तो भाग वेगळा.

पक्षी बघायला जातात ते इथेच का?

हो. डॅन्यूब बायोस्फिअर रिझर्व्हचं ऑफिसच विल्कोवेत आहे, १९९८ मधे स्थापना, रोमानियाच्या बाजूला जोडून युनेस्कोचं दोन देशांचं मिळून एक राखीव क्षेत्र. पेलिकनची मोठी वसाहत रोमानियाच्या बाजूला आहे, पण पेलिकनला व्हिसा लागत नाही, जेवायला इकडे येतात. शिवाय बगळे, पाणकावळे, आयबिस, वाळूच्या दांड्यांवर घरटी करणारे सुरय. आणि डास, त्यांचं कोणी ब्रोशरमधे छापत नाही.

माझी आवडती गोष्ट वेगळीच. किलिया फाट्यात एर्माकिव नावाचं बेट आहे, तिथे २०१९ मधे म्हशी आणून सोडल्या. होय म्हशी, आपल्या म्हशींच्याच जातकुळीतल्या, युक्रेनच्या पश्चिमेकडच्या झाकारपात्त्या भागातून आणलेल्या. म्हैस बोरू तुडवते, खाते, लोळायला डबकी करते, त्या डबक्यांत बेडूक येतात, बेडकांमागे पक्षी येतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी याला मोठं नाव दिलंय, आपल्याकडच्या कुठल्याही गुराख्याने हे फुकटात सांगितलं असतं.

बिस्त्रे कालव्याचं भांडण काय होतं?

समुद्रातून डॅन्यूबमधे मोठी जहाजं यायची तर सोयीचा रस्ता म्हणजे सुलिना, तो १९ व्या शतकात सरळ आणि खोल केलेला, आणि तो रोमानियाचा, म्हणजे पैसे रोमानियाला. सोव्हिएत काळात प्रोर्वा नावाच्या फाट्यातून सोव्हिएतांची स्वतःची वाट होती पण ती गाळाने भरून गेली. मग युक्रेनने २००४ मधे बिस्त्रे मुखातून वाट खणली. झालं, रोमानिया चिडला, पर्यावरणवाले चिडले, कारण ही वाट राखीव क्षेत्राच्या मधूनच जाते आणि मुखाशी सुरय घरटी करतात. आंतरराष्ट्रीय समित्यांपर्यंत प्रकरण गेलं. मला दोन्ही बाजू पटतात, आणि तरी खणकाम डेल्टाच्या पोटातून व्हायला नको होतं असंच वाटतं. अर्थात २०२२ नंतर हे म्हणणं घरी बसून सोपं आहे.

२०२२ नंतर काय झालं?

२४ फेब्रुवारीलाच युद्ध इथल्या दारात आलं. स्नेक आयलंड, ज्याला युक्रेनियनमधे झ्मीनी म्हणतात, ते बेट या किनाऱ्यापासून साधारण ३५ किलोमीटरवर, आणि कारभाराच्या हिशोबाने ते विल्कोवेच्याच नगरसमूहात मोडतं. पहिल्याच दिवशी रशियाने ते घेतलं, ३० जूनला त्यांना सोडावं लागलं.

आणि मग या कोपऱ्याला अचानक भाव आला. ओडेसाची मोठी बंदरं बंद, धान्य बाहेर काढायचं कुठून, तर डॅन्यूबवरच्या इझमाईल, रेनी, किलिया या छोट्या बंदरांतून. बेट सुटल्यावर जुलैत बिस्त्रेतून जहाजं यायला लागली. ज्या कालव्यावरून एवढी भांडणं झाली तोच देशाची नाकातली नळी झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत युक्रेनने सांगितलं की तिथून आता पाण्याखालचा भाग साडेसहा मीटरपर्यंत खोल असणारी जहाजं जाऊ शकतात, आधी ३.९ होतं, लगेच रोमानिया परत चिडला. त्याच वर्षी जुलैत रशिया धान्य करारातून (युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रातून जाऊ द्यायचा करार) बाहेर पडला आणि इझमाईल-रेनीवर ड्रोन हल्ले सुरू झाले, तुकडे नदीपलीकडे रोमानियात म्हणजे नाटोच्या हद्दीत पडले.

आपल्याशी संबंध? तेलाचा डबा. युद्धाआधी भारतात येणारं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेनचं होतं. २०२२ मधे किराणा दुकानात तेलाचे भाव बघून जो धक्का बसला त्याचं एक टोक या बंदरांत होतं.

मग आत्ता फिरायला जावं का?

नाही. सीमेचा भाग, युद्ध चालू, समुद्रात सुरुंग, भारतातून तिकडे विमान नाही. डेल्टा बघायचीच हौस असेल तर रोमानियाच्या बाजूने तुलचा शहरातून बोटी निघतात, पाणी तेच, पेलिकन तेच, लिपोवानही तेच.

घरबसल्या काय बघता येईल?

मोबाईलवर नकाशा उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा, विल्कोवे शोधा. आधी जुन्या वस्तीवर झूम करा, येरिकच्या बारीक हिरवट रेघा घरांच्या मधून दिसतील. मग बोट पूर्वेला सरकवत फाट्यांच्या टोकापर्यंत जा, तिथे पाण्याचा रंग तपकिरी आहे आणि लांबवर समुद्रात पंख्यासारखा पसरलाय, तो गाळ. मुखाशी वाळूचे वाकडे दांडे दिसतील. जुन्या वर्षांची छायाचित्रं दाखवणारं ॲप असेल तर तेच दांडे १९८५ च्या आसपासचे लावून बघा, काही तिथे नसतीलच.